चौकोनी कंदिलाच्या जतनाच्या नोंदी : जून २०२४ ते जानेवारी २०२५

९ जून २०२४, रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारातून आज रस्त्यावरचा एक चौकोनी कंदील आणला. विक्रेत्याने तो तांब्याच्या भंगारात टाकलेला होता आणि त्याचा भावही त्याने किलोवरच सांगितला. काट्यावर तो ६ किलो २०० ग्रॅम भरला. चार काचांपैकी एकच शिल्लक आहे आणि तिलाही कोपऱ्यात तडा गेलेला आहे; छपराचा एक पाखा आत दबला आहे, दाराची वरची बिजागरी सुटली आहे आणि संपूर्ण सांगाड्यावर चंदेरी रंगाचा जाड थर आहे. मुंबईत एक जुनी इमारत पाडताना हा निघाला, एवढेच विक्रेत्याने सांगितले.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या देखभालीत मी तीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर जुने दिवे जमवू लागलो. हा माझ्या संग्रहातला सतरावा दिवा असला तरी गॅसच्या काळातला पहिलाच आहे. अशा दिव्यांचे बिडाचे खांब अजूनही कुठेकुठे कोपऱ्यात गंजत उभे दिसतात, कारण ते जड असतात आणि त्यांना भाव नसतो. डोक्यावरचा कंदील तांब्या-पितळेचा असल्यामुळे तो मात्र सर्वांत आधी भट्टीत जातो.

११ जून २०२४, मंगळवार

पाण्याचा थेंबही लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली, मापे घेतली आणि नोंदपत्रावर ‘दि-१७’ हा क्रमांक घातला. वरची बाजू ४१ सेंटिमीटर, खालची २२ सेंटिमीटर आणि छपरासकट उंची ७८ सेंटिमीटर आहे. वर रुंद आणि खाली निमुळता असा हा आकार केवळ शोभेसाठी नसतो. काचा बाहेरच्या बाजूला कललेल्या असल्यामुळे उजेड खाली, खांबाच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो आणि सांगाड्याची सावली कमी पडते. पावसाचे पाणीही काचेवर साचत नाही. छपरावर धुराडे आहे, त्याच्या टोपीखाली हवा बाहेर पडण्यासाठी फटी आहेत आणि तळाच्या पत्र्याला मधोमध नळीचे भोक आहे. त्या भोकाशेजारी दुसरी एक छोटी झडप आहे, जी खालून काठीने ढकलली की उघडते आणि आपोआप मिटते. दिवे लावणारा माणूस लांब काठीच्या टोकावरची ज्योत याच झडपेतून आत सारत असे.

ही झडप अजून हलते. बोटाने ढकलून पाहिली आणि तिचा तो हलका आवाज ऐकून फार आनंद झाला.

१६ जून २०२४, रविवार

कंदिलाचा काळ ठरवण्यासाठी नोंदी एकत्र केल्या. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे लागले, कोलकात्यात १८५७ साली आणि मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये. मुंबईत भेंडी बाजार आणि चर्चगेट स्ट्रीट या भागांत ते प्रथम उजळले, तेव्हा दिवे लावणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की त्याच्यामागे बघ्यांची गर्दी चालत असे, अशी त्या काळाची हकिगत आहे. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना लालबागला होता. तिथे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून गॅस काढला जाई आणि जमिनीखालच्या बिडाच्या नळांतून तो शहरभर जाई. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण तो प्रयोग टिकला नाही. विजेचा खरा पसारा १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाल्यानंतरचा. आजच्या बेस्टचा तो पूर्वावतार १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेकडे आला.

आजचा बेत असा आहे : चंदेरी रंग पूर्ण काढायचा, मागाहून बसवलेला विजेचा होल्डर काढून टाकायचा, जुन्या पद्धतीचा बर्नर मिळवायचा आणि कंदील पुन्हा गॅसचा करायचा.

२३ जून २०२४, रविवार

आज माझ्या हातून चूक झाली आणि ती इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नोंदवहीचा उपयोग त्यासाठीच आहे. तळाच्या पट्टीचा एक कोपरा रंग उतरवण्याचे रसायन लावून मोकळा केला आणि खालचे तांबे काळपट दिसले म्हणून चिंच-मिठाने घासले. दहा मिनिटांत तो कोपरा पूजेच्या ताम्हणासारखा लख्ख झाला. नंतर भिंगाखाली शेजारचा न घासलेला भाग पाहिला, तेव्हा त्या रसायनाने मी काय काय पुसून टाकले ते कळले : चंदेरी रंगाखाली काळा थर होता, त्याखाली हिरवा, त्याखाली शेंदरी, आणि तांब्याला चिकटून तपकिरी रंगाचा पातळ मूळ थर. घासलेल्या चार सेंटिमीटर भागात यांतले काहीही उरलेले नाही आणि ते परत आणता येणार नाही.

घरातले तांब्याचे भांडे चिंचेने घासून लखलखीत ठेवण्याची आपल्याकडची रीत योग्यच आहे, कारण त्या भांड्यातले पाणी आपण पितो. कंदिलावरचा थर मात्र त्याचा दप्तरखाना आहे. ते रसायन आणि चिंच दोन्ही कपाटात बंद केली.

६ जुलै २०२४, शनिवार

रंगाच्या थरांची तपासणी पूर्ण झाली. कंदिलावर पाच ठिकाणी, प्रत्येकी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासले, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांसारखा एकेक थर कडेला उघडा पडतो. कोरडे घासणे कटाक्षाने टाळले, कारण जुन्या रंगांत शिसे असते आणि त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. रंग तापवून काढणे तर त्याहून वाईट. सर्वांत खालचा शेंदरी थर हा तर शिशाचाच ऑक्साइड, म्हणजे मारुतीला लावतात त्या शेंदराचाच प्रकार आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या कोणत्याही रंगाला हात लावताना मुखपट्टी, हातमोजे आणि ओले फडके ही शिस्त पाळावी. मळी वेगळ्या बरणीत भरून झाकण लावून ठेवली आहे.

पाचही ठिकाणी क्रम सारखाच निघाला : शेंदरी, हिरवा, पुन्हा हिरवा, काळा, चंदेरी, चंदेरी.

खरी गोष्ट यानंतर सापडली. छपराच्या आत बसवलेल्या पितळी पिन होल्डरची चकती अर्धा मिलिमीटर उचलून पाहिली. तिच्याखाली दोन्ही हिरवे थर आहेत, पण काळा आणि चंदेरी नाही. ते चकतीच्या कडेशी येऊन थांबतात. याचा अर्थ कंदील हिरवा असताना त्यात वीज आली आणि त्यानंतर तो किमान तीन वेळा रंगवला गेला. होल्डरची वायर रबरी वेष्टणाची आणि वरून सुती विणीची आहे, म्हणजे पीव्हीसी सर्रास होण्याआधीची. विजेच्या काळातही या कंदिलाने रस्त्यावर बरीच वर्षे काढली असली पाहिजेत.

१४ जुलै २०२४, रविवार

तळाच्या नळीत अडकलेला एक पितळी तुकडा आज खोबरेल तेलात दोन दिवस भिजवून सुटा केला. ती एक छोटी तोटी निघाली, आणि तिच्या दांड्याला दोन्ही टोकांना साखळी अडकवण्याची कडी आहे. ही जोडसाखळीची तोटी पाहून एक महत्त्वाचा उलगडा झाला. अशा तोटीत गॅसची एक बारीक वाट सतत उघडी असते आणि तिच्यावर मटाराएवढी ज्योत दिवसभर तेवत राहते; संध्याकाळी दिवे लावणाऱ्याने आकड्याने एक साखळी ओढली की मोठी वाट उघडते, पहाटे दुसरी ओढली की बंद होते. म्हणजे काठीवर ज्योत घेऊन फिरण्याची गरज संपल्यानंतरचा हा भाग आहे, तर तळाची झडप त्याआधीची.

छपराच्या आतल्या बाजूला शेंदरी थराच्याही खाली घट्ट काजळी आहे. उघड्या, पंख्यासारख्या ज्योतीचा उजेड तिच्यातल्या तापलेल्या कार्बनच्या कणांमुळेच असतो, म्हणून ती काजळी धरते. मँटल म्हणजे ज्योतीवर बसवलेली जाळी; तिच्याखालची ज्योत निळी असते, तिच्यात गॅस आधीच हवेत मिसळलेला असतो आणि उजेड ज्योतीचा नसून तापलेल्या जाळीचा असतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली मँटलचे पेटंट घेतले, आणि १८९१ साली ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सीरियम ऑक्साइड हे प्रमाण सापडल्यावर त्याचा उजेड खऱ्या अर्थाने पांढरा झाला. या थोरियमशी आपल्या किनाऱ्याचाही संबंध आहे : त्रावणकोरच्या वाळूतले मोनाझाइट हे थोरियमचे खनिज १९०९ साली ओळखले गेले, आणि ते परदेशी नेले जात होते ते या मँटलसाठीच. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्तीची पांढरी जाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो उजेड वेगळा सांगायला नको.

मागे बाजारातून घेतलेली जुन्या मँटलची दोन पाकिटे माझ्याकडे आहेत. थोरियम किरणोत्सारी असते. पाकीट बंद असेपर्यंत फारशी भीती नाही, पण जळलेली जाळी हात लागताच भुगा होते आणि तो भुगा श्वासात जाऊ नये. दोन्ही पाकिटे झाकणाच्या डब्यात, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवली.

या एका कंदिलात आता तीन पिढ्यांचे दिवे दिसतात : उघडी ज्योत, मँटल आणि विजेचा दिवा. यांपैकी कोणता खरा म्हणायचा, हा प्रश्न आज दिवसभर मनात राहिला.

२१ जुलै २०२४, रविवार

१६ जूनचा बेत रद्द केला. बर्लिनमध्ये आणि लंडनमध्ये आजही रस्त्यांवर गॅसचे दिवे जळतात, बर्लिनच्या टियरगार्टन बागेत तर १९७८ साली निरनिराळ्या शहरांच्या गॅसदिव्यांचे खुले संग्रहालयच उभे राहिले. तिथे कंदील गॅसवर ठेवण्याला अर्थ आहे, कारण जमिनीखाली गॅस आहे आणि तो दिवा दुरुस्त करणारे हातही आहेत. माझ्या अंगणात तसे काही नाही. मी होल्डर काढून बर्नर बसवला, तर तो दुसरीकडून आणलेला किंवा नव्याने ओतलेला असेल, सिलिंडरचा गॅस कोळशाच्या गॅसपेक्षा जास्त उष्णतेचा असल्याने तोंडही बारीक करावे लागेल, आणि एवढे करून जे उभे राहील ते मुंबईच्या कोणत्याही रस्त्यावर कधीच नव्हते. उलट होल्डर लावणाऱ्या कामगाराने छपराच्या मध्यभागी किती नेमके भोक पाडले आहे, धुराड्याची टोपी न काढता वायर कशी आणली आहे आणि पाणी येऊ नये म्हणून वायरीला खालून कसा वाकडा झोल दिला आहे, हे सगळे मी स्वतः आयुष्यभर केलेल्या कामाचेच जुने रूप आहे. ते पुसण्याचा मला अधिकार नाही.

नवा बेत : जे आहे ते स्थिर करायचे, निसटले आहे ते बसवायचे, आणि नवे जे घालावे लागेल ते खुणेसह व उद्या काढता येईल असे घालायचे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

दीप अमावास्या. आईने सकाळी घरातल्या समया, निरांजने, पणत्या आणि जुना हातकंदील काढून घासायला घेतले, पाटाभोवती रांगोळी काढली आणि सगळे दिवे मांडून पूजा केली. तिने ‘तुझाही दिवाच आहे ना, आण इकडे’ असे म्हटल्यावर दि-१७ पाटाशेजारी फडक्यावर ठेवला. तो घासायचा नाही हे तिला सांगितले, तेव्हा तिने त्याला कुंकू लावू की नको असे विचारले, आणि मग कुंकू न लावता समोर फूल ठेवले. काम काही केले नाही.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

पंधरा दिवसांच्या दमट हवेने एक वाईट बातमी आणली. मी घासलेल्या कोपऱ्यात आणि छपराच्या दबलेल्या घडीत फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठले आहेत. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निर्धोक असतो. ही भुकटी तशी नाही. समुद्राजवळच्या हवेतले क्लोराइड तांब्यात शिरून बसते आणि ओलावा मिळाला की त्यातून आम्ल तयार होते, ते आम्ल नवे तांबे खाते आणि पुन्हा क्लोराइड बनते. असे हे चक्र ओल संपेपर्यंत थांबत नाही. कंदील मुंबईचा असल्याच्या विक्रेत्याच्या सांगण्याला यामुळे थोडा आधार मिळतो, एवढाच त्यातला चांगला भाग.

भुकटी भिंगाखाली लाकडी काडीने खरवडून काढली, जागा स्पिरिटने पुसून कोरडी केली आणि त्यावर स्पिरिटमध्ये ३ टक्के बेंझोट्रायझोल विरघळवून ब्रशने तीन वेळा लावले. हे रसायन तांब्याच्या पृष्ठभागावर पातळ कवच धरते. ते अंगावर येऊ देऊ नये, म्हणून हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून काम केले. वाळल्यावर त्यावर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक लेपाचा एक हात दिला. हा लेप पुढे कधीही ॲसिटोनने उतरवता येतो. कंदील आता झाकणाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला आहे.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

ठिपके वाढले नाहीत. छपराच्या कामासाठी कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन आलो. गणपतीची गडबड असल्यामुळे तिथल्या तांबट काकांनी अनंत चतुर्दशीनंतर यायला सांगितले.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

छपराचा दबलेला पाखा आणि दाराची बिजागरी हे काम आज झाले. काकांनी कंदील हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि पहिला सल्ला दिला तो असा की, ‘पाखा नवा कापून लावतो, चार तासांत होईल, जुना सरळ करायला दिवस जाईल.’ मी दिवस जाऊ द्या म्हटल्यावर मात्र ते मनापासून कामाला लागले. आतल्या बाजूने लाकडी ठोकळा धरून त्यांनी पाखा लाकडी मोगरीने इतक्या हलक्या हाताने बाहेर आणला की बाहेरचा रंग फक्त दोन ठिकाणी उडाला. लोखंडी हातोडा त्यांनी एकदाही उचलला नाही. भांड्यांवर मठाराच्या टिचक्या देताना जो हात ताल सोडत नाही, तोच हात इथे प्रत्येक ठोक्यानंतर थांबून पत्रा चाचपत होता.

त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी माझ्या लक्षात आली नव्हती. खालच्या अंगाचे सांधे नुसत्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले आहेत, पण धुराड्याजवळचे सांधे आधी रिबिटांनी बसवून मग डाख दिलेले आहेत. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून मऊ पडू लागतो. ज्योतीच्या वर तो टिकणार नाही हे मूळ कारागिराला ठाऊक होते. बिजागरीचा सांधा काकांनी नवसागर लावून, शेजारच्या रंगावर ओले फडके गुंडाळून, कमी आचेवर झाळला. नव्या डाखाच्या आतल्या बाजूला मी ‘२०२४’ असा आकडा कोरला, म्हणजे पुढच्या माणसाला जुने कोणते आणि आपले कोणते हे कळेल.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

काचा. आजची बाजारातली काच निर्दोष सपाट असते आणि जुन्या सांगाड्यात ती डोळ्यांवर येते. शिल्लक राहिलेल्या काचेत बारीक बुडबुडे आणि हलकी लाट आहे, कारण ती फुंकलेल्या नळकांड्यापासून उलगडून केलेली काच आहे. सदाशिव पेठेत एक वाडा उतरवला जात असल्याचे कळल्यावर तिथल्या मालकांना भेटून माडीच्या खिडक्यांची सहा तावदाने मागून आणली. त्यांतल्या चारांत तशीच लाट आहे. पहिले तावदान कापताना तडकले. जुनी काच कापताना सहज तडकते, म्हणून नंतर कापण्याच्या रेषेवर रॉकेल लावले आणि चाक एकदाच, न थांबता फिरवले. तीन नीट निघाली. तडा गेलेली मूळ काच तशीच ठेवली आहे, तिच्या तड्यात फक्त पारदर्शक लेप भरला.

काचा लांबी (पुट्टी) भरून पक्क्या केल्या नाहीत. मूळ तांब्याच्या जिभा हळूच वाकवून त्यांखाली बसवल्या.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

दि-१७ चे काम या महिन्यात थांबले, कारण ओळखीच्या भंगारवाल्याकडे सोडियमच्या पथदिव्यांच्या फिटिंग्जचा ढीग आला. जानेवारी २०१५ मध्ये पथदिवे एलईडीवर नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून असे ढीग येतच आहेत. विजेची बचत मोठी आहे आणि मी त्या बदलाच्या बाजूचा आहे. दर नमुन्याचा एक तरी दिवा राखला जावा, एवढीच माझी मागणी आहे. १५० वॅटची दोन फिटिंग्ज घेतली, चोक, इग्निटर आणि कॅपॅसिटर सगळे जागेवर असलेली. एका दिव्याच्या नळीची टोके काळी पडली आहेत. हाच तो दिवा, जो रस्त्यावर आपोआप विझतो आणि काही मिनिटांनी पुन्हा लागतो : वय वाढते तसा त्याला लागणारा विजेचा दाब (व्होल्टेज) वाढत जातो, चोकला तो पुरवता येत नाही, दिवा विझतो, थंड झाला की इग्निटरचा काही हजार व्होल्टचा ठोका त्याला पुन्हा पेटवतो. लोक अशा दिव्याची तक्रार ‘लूज कनेक्शन’ म्हणून नोंदवत.

त्याच ढिगात बाहेरून हिरवी आणि आतून पांढरी अशी इनॅमलची एक थाळी मिळाली. लहान गावांच्या चौकांत वाकड्या पाइपवर या थाळ्यांखाली साधे बल्ब लोंबत असत आणि म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास करणारी मुले खरोखर ज्यांच्याखाली बसत, ते दिवे हेच. कडेचा टवका उडाला आहे. भरणार नाही.

जुना तेलाचा कॅपॅसिटर कोणी फोडू नये, कारण काही जुन्या कॅपॅसिटरांत पीसीबी हे घातक तेल असे. माझ्याकडचे असे जुने कॅपॅसिटर न उघडता जाड पिशवीत बंद केले आहेत. पाऱ्याचे दिवेही अखंड ठेवावेत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दि-१७ संध्याकाळी अंगणात लावून पाहिला. जुन्या वायरीतून वीज सोडली नाही, कारण तिचे रबर हात लागताच तुटते. होल्डरच्या खाली, त्याला कुठेही भोक न पाडता, एका कापडी पट्टीने १२ व्होल्टचा छोटा पिवळसर दिवा टांगला आणि त्याची तार तळाच्या गॅसच्या भोकातून बाहेर काढली. तीन तास ठेवून छपराचे तापमान मोजले. ते हवेपेक्षा जेमतेम दोन अंशांनी वाढले. लाट असलेल्या काचांमुळे भिंतीवरचा उजेड पाण्यासारखा थोडा हलल्याचा भास होतो आणि मूळ काचेचा तडा त्यात बारीक काळ्या रेषेने उमटतो.

नोंदपत्र पूर्ण केले. ‘प्रकार’ या रकान्यात ‘गॅसचा कंदील’ असे जूनमध्ये लिहिले होते. ते खोडून ‘उघड्या ज्योतीचा, मँटलचा, नंतर विजेचा’ असे लिहिले. ‘हानी’ या रकान्यात २३ जूनच्या चार सेंटिमीटरांची नोंद माझ्या नावाने घातली. वजन काचांसकट ९ किलो ४०० ग्रॅम.

१५ जानेवारी २०२५, बुधवार

जुन्या बाजारातल्या त्याच विक्रेत्याचा सकाळी फोन आला. दि-१७ च्या जोडीचा दुसरा कंदील त्याच इमारतीतून निघाला होता, पण तो आधीच दुसऱ्याने किलोवर नेला आणि त्याचा सांगाडा वितळला. धुराड्याची टोपी तेवढी पोत्याच्या तळाशी राहिली होती, ती त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. दुपारी जाऊन घेऊन आलो. रंगाचा क्रम तपासला : शेंदरी, हिरवा, पुन्हा हिरवा, काळा, चंदेरी, चंदेरी. वजन ४१० ग्रॅम. क्रमांक दि-१८.